लटारूचा मुका उपास

मूल गावात लटारू लेनगुरेचा चेहरा न ओळखणारा एखादा माणूस सापडेल, पण त्याचा आवाज न ओळखणारा सापडायचा नाही. त्याच्या ऑटोच्या टपावर दोन भोंगे होते, एक पुढे तोंड केलेला आणि एक मागे. आतल्या सीटवर अँप्लिफायर, बॅटरी आणि माइक. उद्या नळ येणार नाही, कोणाची म्हैस हरवली, बाजार एक दिवस आधी भरणार, अंत्ययात्रा कुठून निघणार, जंगलात वाघीण पिल्लं घेऊन फिरते आहे तेव्हा मोहफुलं वेचायला एकट्यानं जाऊ नये, हे सगळं गावाला लटारूच्या तोंडून कळायचं. ‘तमाम नागरिकांना कळविण्यात येते की’ हे वाक्य तो झोपेतही म्हणतो, असं त्याची बायको आशाबाई सांगायची, आणि आशाबाई काही खोटं बोलणारी बाई नव्हती.

धंदा अंगात भिनला की असंच होतं. लटारूच्या हातून काही चांगलं घडलं की ते आधी भोंग्यातून बाहेर पडायचं. काही वर्षांपूर्वी त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि दारू सोडली, तेव्हाही त्यानं अख्ख्या गावात ऑटो फिरवला होता. “आजपासून लटारू लेनगुरे दारू पिणार नाही. कोणीही पाजू नये. पाजल्यास पाजणाऱ्याचं नाव जाहीर करण्यात येईल.” लोक हसले, पण त्या दिवसापासून त्यानं थेंबालाही तोंड लावलं नाही. आशाबाई रात्रीची शांत झोपायला लागली. त्यामुळे त्याच्या भोंग्याला नावं ठेवायची कोणाची हिंमत होत नव्हती.

पण मागच्या वर्षीच्या लेंटच्या उपासात त्यानं हद्द केली. ख्रिस्ती मंडळी ईस्टरच्या आधीचे ते आठवडे आपापल्या परीनं काहीतरी सोडून पाळतात. कोणी चहा सोडतो, कोणी मटण. लटारूनं एका वेळचं जेवण सोडलं आणि ते म्हशीच्या घोषणेला जोडून दिलं. “एक शिंग मोडलेली काळी म्हैस हरवली आहे. सापडल्यास कळवावे. कळविणारा प्रभूच्या नावानं उपाशी आहे.” उपाशी असल्यामुळे तो दिवसभर आशाबाईवर खेकसायचा आणि संध्याकाळी प्रार्थनेला गालफडं आत ओढून बसायचा. गुड फ्रायडेला तो उपासनेत चक्कर येऊन पडला, तेही सगळ्यांच्या पुढ्यात. पडण्याआधी त्यानं हातातला माइक सांभाळून बाजूला ठेवला होता, असं पोचू पानठेलेवाला अजूनही सांगतो.

या वर्षी लेंट सुरू होताच, पहिल्या बुधवारच्या उपासनेनंतर, पास्टर प्रफुलनं त्याला बाकावर थांबवून घेतलं. पास्टर गडचिरोलीकडचा, तरणा, हळू बोलणारा. तो थट्टा करतो आहे की उपदेश, हे चटकन कळायचं नाही.

“या वर्षी काय सोडता, लटारूभाऊ?”

“दोन्ही टाइमचं जेवण,” लटारू छाती काढून म्हणाला. “फक्त पाण्यावर राहतो. पाहाच तुमी.”

“नका सोडू. पोटभर जेवा.”

“काऊन जी?”

“तुमच्यासाठी दुसरा उपास आहे. रोज एक चांगलं काम करायचं, आणि ते कोणाले कळू द्यायचं नाही.”

लटारू हसला. मग पास्टर हसत नाही हे पाहून थांबला.

“आशालेही नाई?”

“वहिनीलेही नाही.”

“तुमाले?”

“मले तर बिलकुल नाही.”

लटारूनं डोकं खाजवलं. “मंग देवाले कसं मालूम पडन?”

“त्याच्या कानाजवळ भोंगा नेऊ नका, लटारूभाऊ. त्याले ऐकू येते.”

हे एवढंच? लटारूला वाटलं, याहून सोपं काही असूच शकत नाही. न जेवता राहण्यापेक्षा न बोलता राहणं केव्हाही बरं.

दुसऱ्याच दिवशी त्यानं पहाटे चर्चचं अंगण झाडलं. पार कोपऱ्यापर्यंत, खराट्यानं, पाचोळ्याचा ढीग करून. काम झालं तसं घरी जावं की नाही? पण त्याचे पाय फाटकाशी रेंगाळले. मंडळीचे सचिव गुणवंतराव आले. कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, पँटला कडक इस्त्री, बोलणं सगळं सरकारी.

“अरे वा! अंगण कोणी स्वच्छ केलं?”

लटारू बोलला नाही. फक्त खोकला. मग पुन्हा खोकला. मग खराटा या हातातून त्या हातात घेतला.

“तुम्ही काय?”

“आता मी काय सांगू साहेब,” लटारू म्हणाला आणि जमिनीकडे पाहत लाजला.

मागून पास्टरचा आवाज आला, “खोकून सांगितलेलंही सांगितल्यातच धरतात, भाऊ.”

त्यानंतर त्यानं बाजारात एका म्हातारीची टोपली उचलून दिली आणि घरी येऊन आशाबाईला म्हणाला, “आज माझी मान काऊन दुखून राह्यली, विचार ना.” दुसऱ्या दिवशी रस्त्यातला दगड बाजूला केला आणि पोचूच्या ठेल्यावर जाऊन बसला. “त्या वळणावरचा दगड कुठी गेला बुवा, कोणाले मालूम आहे का?” रोज काहीतरी चांगलं व्हायचं आणि रोज संध्याकाळपर्यंत ते सांडून जायचं. लटारूला स्वतःची लाज वाटायला लागली. दारू त्यानं एका दिवसात सोडली होती, आणि ही एवढीशी जीभ त्याला आवरत नव्हती.

मग एका सकाळी त्याला गिरजाबाई दिसली.

गिरजाबाई राईस मिलच्या मागच्या वस्तीत एकटी राहायची. वय सत्तरीच्या पुढे, जीभ तलवारीसारखी. लटारूचं आणि तिचं जुनं वाकडं होतं. दुपारी तिच्या दारासमोरून भोंगा वाजत गेला म्हणून तिनं एकदा त्याच्या ऑटोत तांब्याभर पाणी ओतलं होतं, थेट अँप्लिफायरवर. त्याला ती नावानं हाक मारतच नव्हती. ‘ए भोंग्या’ म्हणायची. आणि तीही मंडळीतलीच. दोघं एकाच देवाला भजायचे, पण दोन टोकांच्या बाकांवर बसून.

मोह फुलायचे दिवस होते. वस्तीतल्या बाया झुंजूमुंजू होताच घोळक्यानं जंगलाच्या कडेला फुलं वेचायला जायच्या, गिरजाबाईही जायची. आणि नळ यायचा नेमका त्याच वेळी. बाकीच्यांच्या घरी पाणी भरायला कोणी ना कोणी असे. गिरजाबाई टोपली घेऊन परत येईपर्यंत नळ गेलेला असे. त्या सकाळी लटारूला ती दिसली ती भर उन्हात, बोरिंगच्या दांड्याला लोंबकळताना. दांडा खाली जात होता तो तिच्या वजनानं, जोरानं नाही. घागर अर्धी भरली की ती पदरानं तोंड पुसायची, बोरिंगला दोन शिव्या द्यायची आणि पुन्हा लोंबकळायची.

लटारूनं ऑटो थांबवला. “बाई, भरून देऊ का?”

“तू जाय बे भोंग्या. घागरभर पाणी देशील आन् महिनाभर गावाले सांगशील.”

ते वाक्य लटारूला दिवसभर टोचत राहिलं. टोचलं कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच उठला. “जरा जाऊन येतो,” एवढंच आशाबाईला म्हणाला. खोटं बोलायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं होतं, आणि खरं सांगता येत नव्हतं. उरलं ते एवढंच. घरातली पाण्याची भांडी नेली तर आशाबाई विचारेल, म्हणून त्यानं घरामागच्या सांदवाडीत पडलेली झाकणाची पांढरी प्लास्टिकची डबकी, म्हणजे कॅन, घेतली, घासून धुतली आणि ऑटोत बॅटरीमागे लपवली. मिलच्या हौदावरच्या नळाला ती भरली, गिरजाबाईच्या घरामागच्या बोळात गेला, बांबूची तट्टी उचलून सरकवली आणि आत शिरला. अंगणात मोहफुलं वाळत पसरली होती. त्यांच्यावरून पाय न पडू देता तो रांजणापर्यंत गेला. दोन-चार खेपा झाल्या आणि रांजण काठोकाठ भरला.

त्यानं पाण्यात पाहिलं. पाण्यात लटारू लेनगुरे दिसला, कोणालाही न सांगता चांगलं काम केलेला. तो मनुष्य त्याला एकदम आवडला.

तोंड मिटून राहण्यातली खरी मारामार मात्र आत्ता कुठे सुरू झाली. पोट रिकामं असलं की दुखतं, हे त्याला ठाऊक होतं. पण पोटात एखादी गोष्ट भरली आणि बाहेर काढता आली नाही, तर त्याहून जास्त दुखतं. जेवताना आशाबाईनं ‘काय झालं जी’ विचारलं की गोष्ट दातांपर्यंत यायची, आणि तो वर भाताचा मोठा घास कोंबून तिला मागे ढकलायचा. लटारू चक्क लठ्ठ व्हायला लागला.

शेवटी त्यानं एक युक्ती काढली. मिलच्या मागे, कोणी नाही असं पाहून, ऑटोत बसायचं, मशीन बंद ठेवायचं आणि बंद माइकमध्ये सगळं सांगून टाकायचं. एकदा करून पाहिलं, फार मोकळं वाटलं. दुसऱ्या खेपेला त्यानं माइक तोंडाशी धरला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, “मूल शहरातील तमाम नागरिकांना कळविण्यात येते की गिरजाबाईच्या...”

‘गिरजाबाईच्या’ हा शब्द मिलच्या भिंतीवर आपटून परत आला. लटारूनं खाली पाहिलं. मशीनचा लाल दिवा लागलेला होता. दोन्ही भोंगे चालू होते आणि सकाळच्या शांततेत अख्खं गाव कान टवकारून वाट पाहत होतं.

“...गिरजाबाईच्या...” लटारूच्या कपाळावर घाम आला. “गिरजाबाईच्या घरासमोरील रस्त्यावर... आज गुरुवार आहे.”

त्यानं मशीन बंद केलं आणि ऑटो सुसाट काढला. पोचूच्या ठेल्यावर त्या घोषणेवर दुपारपर्यंत चर्चा चालली. गुरुवार बाकीच्या रस्त्यांवरही आहे की नाही, हे काही शेवटपर्यंत ठरलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी गिरजाबाई उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभी राहिली. ती सहसा उभी राहायची नाही, म्हणून सगळे सावरून बसले.

“माह्या रांजणात रोज पाणी राहते,” ती म्हणाली. “मी भरत नाई. कोण भरते मले मालूम नाई. मी मोहावरून येतो तं रांजण भरेल. एक फूल तुडवेल नाई. माणूस असता तं तुडवलं असतं. मले वाटते देवानं दूत धाडला.”

मंडळीत सळसळ झाली. लटारू बाकाची कड घट्ट धरून बसला होता. देवदूत! त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खोकला घशाशी आला, तो त्यानं रुमालात दाबला.

“दूत कशाला, आपल्यातलाच कोणी असन,” मागून एक बाई म्हणाली. “गुणवंतराव, तुमी त्याच रस्त्यानं फिराले जाता ना सकाळी?”

सगळ्यांच्या माना गुणवंतरावांकडे वळल्या. गुणवंतराव क्षणभर गोंधळले. मग त्यांनी डोळे खाली घातले, हात जोडले आणि मंद स्मित केलं.

“कोणी केलं हे महत्त्वाचं नाही,” ते म्हणाले. “सदर कार्य झालं, हे महत्त्वाचं.”

बस्स. ते हो म्हणाले नाहीत, पण त्या एका वाक्यानं मंडळीचं काम भागलं. बाया कौतुकानं पाहायला लागल्या. गिरजाबाईनं दोन्ही हातांनी नमस्कार केला. लटारू उघड्या तोंडानं पाहत राहिला. नाही म्हणत म्हणत हो म्हणण्याची ही कला आपल्याला इतकी वर्षं का जमली नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

इकडे दुसरीच भानगड शिजत होती. पोचूनं लटारूला पहाटे बोळातून बाहेर पडताना पाहिलं होतं. हातात पांढरी डबकी, इकडेतिकडे पाहणं, चोरासारखी चाल. त्या भागात पांढऱ्या डबकीतून पहाटे काय वाहतात, हे सांगायला पोलीस लागत नाही. आणि तो निघाला कुठून, तर जिच्या अंगणात मोहफुलं वाळत होती तिच्या घरामागून. पोचूनं दोन आणि दोन जोडले, आणि त्याची बेरीज दुपारपर्यंत गावभर झाली. लटारू पुन्हा प्यायला लागला. नुसता पीत नाही, मोहाची गाळतोही.

आशाबाईच्या कानावर ती बातमी नळावर आली. त्या संध्याकाळी लटारू घरी आला, तर ती दारातच उभी होती.

“आ करा.”

“काय?”

“तोंड उघडा म्हणतो ना.”

तिनं हुंगलं. एकदा, मग पुन्हा. काही सापडलं नाही, तरी तिचा चेहरा उजळला नाही. “पहाटे कुठी जाता तुमी?”

या बाईनं त्याला गटारातून उचलून आणलं होतं, एकदा नाही, कितीदा तरी. तिच्या डोळ्यांत ती जुनी भीती परत आलेली त्यानं पाहिली आणि त्याला स्वतःचाच राग आला.

“पेलो नाई मी, आशा. प्रभूची आण.”

“मंग कुठी जाता?”

“ते... सांगता नाई येत.”

आशाबाई आत गेली. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

मंडळीच्या कमिटीनंही आपलं काम केलं. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीच्या पुढे भोंगा घेऊन चालायचा मान दरवर्षी लटारूचा असे. या वर्षी गुणवंतरावांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “तूर्तास तुम्ही मागे राहावं, असं कमिटीचं मत पडलं आहे. कारण आपणास ज्ञात असेलच.” लटारू मिरवणुकीच्या शेवटी चालला, पोरांच्याही मागे. घोषणा देणाऱ्याचा आवाज फाटका होता. लोक झावळ्या हलवत होते आणि मधूनच मागे वळून त्याच्याकडे पाहत होते. दारू पीत होता त्या दिवसांतही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं. निदान तेव्हा लोक खरं बोलत होते.

तो तडक पास्टरकडे गेला.

“पास्टर, आशाले तरी सांगू द्या. ती झोपत नाई.”

पास्टरनं त्याला शेजारी बसवलं. “मी काही पोलीस नाही, भाऊ. तुमच्या उपासापायी वहिनी रडत असन, तर तो उपास कोणाच्या कामाचा? सांगा त्याईले. मले मात्र सांगू नका.”

लटारू घरी पळाला. आशाबाई चुलीपुढे बसली होती.

“आशा, तुले सांगतो. मी पहाटे...”

“काही सांगू नका,” ती म्हणाली.

“ऐक तं खरं.”

“नाई ऐकत. मले भरोसा आहे तुमच्यावर.” आणि तिनं भाकरी उलटवली. तिचा आवाज स्वच्छ होता. लटारू चक्रावला. काल ही बाई बोलत नव्हती, आज भरोसा? पण दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा दारात उभी. “आ करा.” तिनं हुंगलं, मान हलवली आणि आत जाताना पदर तोंडाशी धरला. लटारूला वाटलं, बिचारी रडते आहे.

ईस्टरचा रविवार उजाडला. उपासना संपली आणि अंगणात मांडवाखाली जेवणाआधी कार्यक्रम ठरला होता. गुप्त सेवेबद्दल श्री. गुणवंतराव यांचा शाल देऊन सत्कार. आणि साऊंड लटारू लेनगुरेचा, कारण मूलमध्ये दुसरा साऊंड त्याच दिवशी लग्नाला गेला होता.

लटारूनं माइक लावला. गुणवंतरावांच्या उंचीला दांडा नीट केला. कोणी हे काम त्याच्याकडून मुद्दाम करून घेत आहे की काय, असं वाटून त्यानं पास्टरकडे पाहिलं. पास्टर आभाळाकडे पाहत होता.

शाल पांघरली गेली. गुणवंतरावांनी घसा साफ केला. त्यांना घाम फुटला होता, हे लटारूनं जवळून पाहिलं. “प्रस्तुत सत्काराला मी पात्र आहे असं मला... वाटत नाही,” ते म्हणाले, आणि लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. “खरं म्हणजे, मी काहीच...” आणखी टाळ्या. गुणवंतराव जितकं मागे सरत, तितके लोक त्यांना पुढे ढकलत.

लटारूची बोटं आवाजाच्या बटणावर होती. दुसरा माइक त्याच्या मांडीवर पडला होता, चालू. ‘तमाम नागरिकांना’ एवढं म्हटलं की पुरे होतं. त्याच्या ओठांवर ते शब्द आलेच. त्याच वेळी त्याला समोर गिरजाबाई दिसली. धुतलेलं लुगडं, तेल लावलेले केस, पहिल्या रांगेत बसून ती टाळ्या वाजवत होती. त्या वेळी तिच्या मनात लटारूबद्दल काही नव्हतं, चांगलं नाही, वाईटही नाही. तिला फक्त पाणी मिळालं होतं. लटारूनं मांडीवरचा माइक बंद केला. मग मात्र त्याच्यातला जुना लटारू अगदीच उपाशी राहू नये म्हणून, गुणवंतराव ‘निःस्वार्थ’ म्हणत असताना त्यानं बटण जरा जास्त फिरवलं. भोंग्यानं अशी शीळ घातली, की मांडवातली कुत्री उठून पळाली.

“तांत्रिक बिघाड,” लटारू गंभीरपणे म्हणाला.

मग गिरजाबाईनं माइक मागितला. माइक तिच्या हाती पहिल्यांदाच येत होता. तो तिनं वांग्यासारखा धरला.

“गुणवंतराव, तुमचे उपकार. आता मालूम पडलंच आहे तं मागून लपून कायले येता? समोरून या. पावसाचं पानी येवोस्तोवर चालू ठेवजा. आन् रांजणासंगं माह्या गायीची टाकीही भरून देजा. देवाचं काम आहे, तुमी काही नाई म्हणणार नाई.”

सगळी मंडळी ‘आमेन’ म्हणाली. गुणवंतरावांच्या खांद्यावरची शाल घसरली. लटारूला टेबलाखाली वाकून वायर तपासावी लागली. वायर ठीक होती, त्याला फक्त तोंड लपवायचं होतं.

घरी आल्यावर आशाबाई पाटावर बसून हसायला लागली. ती थांबेचना. “आन् तुमी टेबलाखाली काय शोधत होते जी?”

लटारू तिच्याकडे पाहतच राहिला. “तुले मालूम आहे?”

“झावळ्यांच्या रविवारी पहाटेच मागं मागं आली होती. म्हटलं, दारू सापडली तं डबकी तिथीच डोक्यात घालन. पाहतो तं तुमी फुलं चुकवत, चवड्यावर, नाच्यासारखे.”

“मंग रोज तोंड काऊन हुंगत होती?”

“मजा येत होती,” आशाबाई म्हणाली.

ईस्टरनंतरच्या सोमवारी लटारूचा उपास संपलेला होता. तरी त्याला पहाटे जाग आली. सवयीनं डबकी उचलून तो गेला मिलच्या मागे. मदत करायला नव्हे. त्याच्या मनात त्या वेळी एकही पवित्र विचार नव्हता, त्याला फक्त गंमत पाहायची होती. बांबूच्या बेटाआड तो बसला.

गुणवंतराव आले. इस्त्रीची पँट, हातात स्टीलची नवी बादली. गिरजाबाई सवयीप्रमाणे समोरच्या दाराला कुलूप लावून मोहाला गेली होती. ते मागे आले, तट्टी ओढू लागले, तट्टी येईना. ओढताना बादली कलंडली आणि इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. लटारूनं खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबला. गुणवंतराव पुन्हा हौदावर गेले, पुन्हा आले, पुन्हा सांडली. तिसऱ्यांदा मात्र ते आले नाहीत. लटारूनं वाकून पाहिलं. म्हातारा हौदाच्या पायरीवर कंबर धरून बसला होता, आणि मान वर करून हळू आवाजात कोणाशी तरी बोलत होता.

“प्रभू, मी हो म्हटलंच नव्हतं. पण नाहीही म्हटलं नव्हतं.”

लटारूचं हसू तिथेच विरलं. असंच तोंड करून तोही कधीकाळी बसला होता, चिखलात, बाप्तिस्म्याच्या आदल्या वर्षी. तो बेटाआडून बाहेर आला.

“साहेब, तट्टी ओढाची नाई. वर उचलाची आन् मंग सरकवाची. आन् बादली नका आणू, डबकी आणा. सांडत नाई.”

गुणवंतरावांनी आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातातल्या पांढऱ्या डबकीकडे.

“लटारू, म्हणजे ते तुम्ही होता?”

“मी काई म्हटलं नाई.”

“अरे, मीही काही म्हटलं नव्हतं!” गुणवंतराव कळवळून म्हणाले. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच एक वाक्य कचेरीच्या भाषेविना बाहेर पडलं होतं. “तीच तर अडचण झाली.”

दोघांनाही एकदमच हसू फुटलं.

“येत्या रविवारी मी सर्वांसमोर सांगणार,” गुणवंतराव डोळे पुसत म्हणाले. “दारूचंही. कमिटीतर्फे तुमची माफी मागणार.”

लटारूच्या डोळ्यांपुढे मांडव उभा राहिला, खांद्यावर शाल, समोर पोचू, टाळ्या. जिभेला पाणी सुटलं. त्यानं ते गिळलं. “तुमाले सांगाचं असन तं सांगा, साहेब. तुमच्या मनासाठी. माझ्यासाठी नका सांगू. चला, नळ जाईन.”

गुणवंतरावांनी खरंच सांगितलं. रविवारी उभे राहून, एकही सरकारी शब्द न वापरता. मंडळीत अशा टाळ्या वाजल्या की बाहेरचे लोक डोकावले. पण लटारू तिथे नव्हताच. त्याला शेजारच्या सावली गावच्या कबड्डी सामन्यांची घोषणा मिळाली होती आणि तो दिवसभर तिकडे ओरडत होता. संध्याकाळी पोचूनं त्याला रंगवून रंगवून सगळं सांगितलं, तेव्हा लटारू नुसता ‘बरं’ म्हणाला आणि पान मागितलं.

गिरजाबाईला मात्र ते फारसं पसंत पडलं नाही. सोमवारी ती मोहाला गेली नाही, मुद्दाम दारात बसून राहिली. दोघं डबक्या घेऊन आले.

“मले वाटलं दूत आहे,” ती लटारूला वरपासून खालपर्यंत पाहत म्हणाली. “आन् निघाला तू.”

“चुकलंच बाई,” लटारू म्हणाला.

“असू दे. आता आलेच आहा दोघं, तं ते छपराची कवेलू फेरून देजा. पावसाचं पानी तोंडावर आलं आहे.” मग ती उठली, आत गेली आणि मोहाचे दोन लाडू घेऊन आली. एक गुणवंतरावांच्या हातावर ठेवला. दुसरा लटारूपुढे धरून थांबली.

“सांगशील का गावाले, गिरजाबाईनं लाडू देला म्हणून?”

लटारूनं ‘नाही’ अशी मान हलवली आणि अख्खा लाडू एकदम तोंडात घातला.